जर्मनीचा पत्नी व्हिसा आणि आरोग्य विमा: मी रोज इन्सुलिन घेते, तिकडं मला विमा मिळेल का?

उचगावची सून
१४ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथलं नुसतं वाचते आहे, लिहायला आज पहिल्यांदाच बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर उचगाव. एप्रिलमध्ये हिंडलग्याच्या एका कार्यालयात लग्न झालं. मिस्टर ड्रेस्डेनला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत, ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिकडच्या नोकरीच्या परवान्यावर. तीन आठवड्यांची रजा काढून आले, लग्न झालं, नोंदणी झाली आणि गेले. आता मला जायचंय, आणि कागद काढायला बसले तर आमच्या या सीमाभागाची सगळी गुंतागुंत त्या एका फाईलमध्ये येऊन बसली आहे.

आधार चंदगडचं, म्हणजे महाराष्ट्र. राहते उचगावला, म्हणजे कर्नाटक. जन्म बेळगावच्या दवाखान्यात, कारण आमच्या भागातल्या बायका बाळंतपणाला बेळगावलाच येतात. त्यामुळे जन्मदाखला बेळगाव महानगरपालिकेचा, पूर्ण कन्नडमध्ये. पासपोर्टवर जन्मठिकाण 'बेलगाम' छापलंय आणि लग्नाच्या दाखल्यावर 'बेळगावी'. शाळेचा दाखला मराठी. आता अर्ज मुंबईत करायचा की बंगळूरला? आणि या दोन नावांवरून कोणी अडवेल का?

दुसरं. इथल्या एका एजंटानं सांगितलं, सगळ्या कागदांवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का, करून घ्यावंच लागतं, पैसे आधी भरा. खरं आहे का?

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा. मला सोळाव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे. आता सत्तावीस पूर्ण झाली. दिवसाला चार सुया. बघायला आले तेव्हाच मी स्वतः चहाचा ट्रे ठेवून हे सांगितलं होतं, लपवलं काहीच नाही. सासूबाईंनी फ्रिजच्या दारातला अंड्यांचा कप्पा मोकळा करून दिला, माझ्या बाटल्या तिथंच असतात. घरात कोणाला माझ्या आजाराचं ओझं वाटत नाही. पण जर्मनीच्या विमा कंपनीला वाटलं तर? मिस्टरांना तिकडं एका विमा एजंटाचा फोन येतोय की तुमचा पगार आता वाढतोय, सरकारी विमा सोडा, खासगीत या, हप्ता निम्मा होईल. ते जानेवारीपासून बदलायचं म्हणतात. मला आतून भीती वाटते, पण नेमकं काय विचारायचं तेच कळत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा.


शहापूरकर
१४ ऑगस्ट

वहिनी, अपॉस्टिलसाठी एक रुपया देऊ नका. जर्मनीनं भारताच्या अपॉस्टिलला हरकत घेतलेली आहे. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये आला, तेव्हापासून जर्मनी भारतीय कागदांवरचा तो शिक्का मानत नाही. दुसऱ्या बऱ्याच देशांना तो चालतो, म्हणून एजंट सरसकट सगळ्यांनाच सांगतात. माझ्या मामेभावानं माझ्यासमोर आठ हजार भरले होते, तो कागद व्हिसाच्या खिडकीवर कोणी हातातही घेतला नाही.

जर्मनीची पद्धत वेगळी आहे. शंका आली तर त्यांचं वाणिज्य दूतावास इथल्या आपल्या विश्वासू वकिलामार्फत मूळ नोंदवहीत जाऊन तपासतं. ते प्रत्येकाला लागतंच असं नाही. नवरा राहतो तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय ठरवतं. लागलं तर काही महिने जातात, त्याचा खर्चही आपणच भरायचा. म्हणून मिस्टरांना आधी ड्रेस्डेनच्या कार्यालयात विचारायला सांगा.

मुंबई की बंगळूर, तर तुम्ही खरोखर राहता कुठं ते धरा. कर्नाटक आणि केरळ बंगळूरच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडं येतात, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईकडं. आपल्याला मुंबई भाषेनं जवळची वाटते, पण अर्जात उचगावचा पत्ता आणि पुराव्यात चंदगडचं आधार असं अर्धं इकडं अर्धं तिकडं केलंत तर परत पाठवतील. आधारचा पत्ता सासरचा करून घ्या आणि मग बंगळूर.

'बेलगाम' आणि 'बेळगावी' याची चिंता नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकानं १२ शहरांची नावं बदलली, त्यात आपलं बेळगावही होतं. बंगळूरच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, त्यांचं स्वतःचं स्पेलिंग त्याच दिवशी बदललंय. सोबतच्या पत्रात एक ओळ लिहा, पुरे.


खानापूरची ताई
१५ ऑगस्ट

जन्मदाखल्याची नवी प्रत काढून घ्या, आता कन्नड-इंग्रजी दोन्हीत मिळते. जुनी कन्नड प्रत असेल तर इंग्रजी किंवा जर्मन भाषांतर जोडावं लागतं, आणि भाषांतर करणारा कन्नडवरून नाव उतरवतो तेव्हा घोळ होतो. आमच्या बाबांच्या नावात इंग्रजीत एक 'ए' जास्तीचा आला होता. ते एक अक्षर काढायला महापालिकेत तीन फेऱ्या.

आणि एक विचारायचं राहिलं. तुमची जर्मन भाषेची परीक्षा झाली का? माझ्या बहिणीला ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, द्यावी लागली होती. पुण्याला मॅक्समुल्लर भवनात. खानापूरहून रात्रीच्या बसनं जाऊन, सकाळी तोंड धुऊन थेट परीक्षेला. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग, शंभरात साठ हवेत.


लाइपझिगवासी
१५ ऑगस्ट

खानापूरच्या ताई, तुमच्या बहिणीचे यजमान जर्मन नागरिक असणार, म्हणून ए-वन लागली. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी ती अट नाही. तरी उचगावच्या ताईंनी थोडं शिकून यावं. डॉक्टरकडं फोन करून वेळ घ्यायची तर फोनवरची बाई जर्मनच बोलते.

आता मुख्य गोष्ट. मी मूळचा कंग्राळीचा, इकडं सहा वर्षं आहे. ताई, तुमचे तीन प्रश्न आहेत, पण खरा प्रश्न तिसराच. पहिल्या दोन ठिकाणी चूक झाली तर उशीर होईल. तिसऱ्यात चूक झाली तर पुढची वीस वर्षं ती निस्तरावी लागेल.

जर्मनीत विम्याच्या दोन वाटा. एक कायद्यानं चालणारी, तुम्ही जिला सरकारी म्हणता ती, तिला क्रांकेनकासे किंवा नुसतं कासे म्हणतात. टेक्निकर, आओके, बार्मर ही त्यातली मोठी नावं. दुसरी खासगी.

कासेमध्ये पगाराच्या टक्केवारीनं हप्ता जातो. मूळ दर १४.६ टक्के, वर त्या त्या कासेचा थोडा जादा दर, आणि यातला निम्मा नोकरी देणारी कंपनी भरते. पगार वाढतच गेला तरी एका मर्यादेपुढं हप्ता वाढत नाही. २०२५ साठी ती मर्यादा महिना ५,५१२.५० युरो होती. बायकोची स्वतःची कमाई नसेल, किंवा ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल (२०२५ मध्ये ती महिना ५३५ युरो होती), तर ती नवऱ्याच्याच हप्त्यात येते. वेगळे पैसे नाहीत. याला फामिलिएनफरझिशरुंग म्हणतात, आपण कुटुंबविमा म्हणू.

त्या फॉर्मवर काय विचारतात ते सांगतो, कारण मी माझ्या बायकोचा स्वतः भरलाय. नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, आधी कुठं विमा होता, कमाई किती. आजाराचा रकानाच नाही. डायबेटिस, थायरॉइड, झालेलं ऑपरेशन, काहीही विचारत नाहीत. नवरा कासेत आहे एवढ्यावर तुम्ही आत.

खासगीत प्रत्येक माणसाची वेगळी पॉलिसी. वय बघतात, तब्येत बघतात, मागच्या वर्षांचे आजार लिहून घेतात. टाइप वनला बहुतेक कंपन्या सरळ नकार देतात. कायद्यानं त्यांना एक मूळ योजना द्यावीच लागते, पण तिचा हप्ता जबर असतो आणि त्यात नोकरीच्या कंपनीचा हातभार मर्यादित.

एजंट 'निम्मा हप्ता' म्हणतो ते एकट्या तरुण माणसासाठी खरं असेलही. दोघांसाठी ते खरं नाही, आणि तुमच्यासाठी तर अजिबात नाही. परतीचा रस्ताही अरुंद. पगार ठरलेल्या वार्षिक मर्यादेच्या वर असताना, २०२५ मध्ये ती ७३,८०० युरो होती, एकदा खासगीत गेला की नुसतं वाटलं म्हणून परत कासेत येता येत नाही. पगार त्या मर्यादेखाली आला तर येता येतं. वयाच्या ५५ नंतर दार जवळजवळ बंदच.

मिस्टरांचा पगार मर्यादेवर गेला तरी त्यांना कासे सोडावी लागत नाही. ते तिथंच स्वेच्छेचे सभासद म्हणून राहतात, आणि कुटुंबविमा तसाच चालू राहतो. काही करायचं नाही, फक्त त्या एजंटाच्या कागदावर सही करायची नाही. आज रात्रीच फोन करा.


उचगावची सून
१६ ऑगस्ट

दादा, काल रात्री साडेअकराला मिस्टरांना तुमचं उत्तर शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, फॉर्म भरून टेबलावर ठेवलाय, सोमवारी पाठवणार होतो. त्यात 'जोडीदार' असा रकाना होता, एजंटानं तो आता रिकामा ठेवा म्हणून सांगितलं होतं, बायको आल्यावर बघू.

फॉर्म फाडला. व्हिडिओवर फाडून दाखवला.

आभार कसे मानू कळत नाही. अकरा वर्षं मी प्रत्येक फॉर्मवरचा 'पूर्वीचा आजार' हा रकाना भरत आले आहे. कॉलेजच्या सहलीचा, नोकरीचा, इथल्या मेडिक्लेमचा. तो रकाना नसलेला फॉर्म असू शकतो, हे मला माहीतच नव्हतं.


निपाणीकर
१६ ऑगस्ट

फाडला ते फार चांगलं केलं. माझा धाकटा भाऊ म्युनिकला एकोणतिसाव्या वर्षी खासगीत गेला. एकटा होता, हप्ता कमी होता, फोनवर मला अभिमानानं सांगितलं होतं. दोन वर्षांनी लग्न. वहिनींची वेगळी पॉलिसी. त्या तिकडं गेल्या तेव्हा गरोदरपणाचा तिसरा महिना होता, आणि नव्या पॉलिसीत बाळंतपणाला आठ महिन्यांची वाट बघायची अट. बाळ त्याच्या आत आलं. दवाखान्याचं बिल भावानं हप्त्याहप्त्यानं फेडलं. आता दोन मुली, त्यांचेही वेगळे हप्ते, कारण बापाचा पगार मर्यादेवर. कासेत बाळंतपणाला अशी वाट बघावी लागत नाही. ज्यांचं लग्न व्हायचंय त्या पोरांनीही हे वाचावं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, एकटे असताना, हा निर्णय घेतला जातो आणि तेव्हा घरात विचारायला कोणी नसतं.


येळ्ळूरचा पाहुणा
१७ ऑगस्ट

मध्येच विचारतो. माझ्या मुलीचं अमेरिकेच्या मुलाशी ठरतंय, मुलगा नागरिक आहे. तिथंही असा कुटुंबविमा असतो का? आणि मुलाखत कुठं?


शहापूरकर
१७ ऑगस्ट

काका, अमेरिकेच्या पत्नीच्या स्थलांतर व्हिसाची मुलाखत मुंबईतच, तिथं कर्नाटक-महाराष्ट्र प्रश्न येत नाही. फुकटचा कुटुंबविमा तिकडं नाही. जावयाच्या कंपनीच्या योजनेत मुलीचं नाव घालायचं आणि त्याचा जादा हप्ता. त्याला मुदत असते, लग्नानंतर सहसा ३० दिवस, ती चुकली तर वर्षातून एकदा येणाऱ्या नोंदणीची वाट. मुलगी पुढं कधी पोचणार यावर परत मुदत मिळते का, ते जावयानं कंपनीच्या एचआरला आत्ताच लेखी विचारून ठेवावं. वेगळा धागा काढा, तिकडचे लोक जास्त सांगतील.


औषधांच्या दुकानातला
१८ ऑगस्ट

ताई, माझं टिळकवाडीत मेडिकल आहे. कागदांचं सगळे सांगतील, मी बाटलीचं सांगतो.

तुम्ही बाटली आणि सिरिंज वापरता की पेन? आपल्याकडं मिळणारी बरीचशी बाटली ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट. तिची सिरिंज लाल टोपणाची. जर्मनीत आता १०० युनिटचं इन्सुलिन चालतं, पेन आणि त्यात घालायचं इन्सुलिनचं काडतूस. इकडची लाल टोपणाची सिरिंज तिकडच्या इन्सुलिनला लावली आणि सवयीनं दहाच्या खुणेपर्यंत ओढलं, तर शरीरात दहा नाही, पंचवीस युनिट जातील. रात्री एकट्या घरात साखर खाली गेली तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून निघायच्या निदान दोन महिने आधी डॉक्टरांना सांगून दोन्ही इन्सुलिन १०० च्या पेनवर आणा. हाताला सवय इथं होऊ दे, घरची माणसं जवळ असताना. लाल टोपणाची एकही सिरिंज बॅगेत नको.

प्रवासात सगळं हातातल्या बॅगेत. खाली सामानात टाकलं तर गोठायची भीती असते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसतं बरं पण कामाचं राहत नाही. न उघडलेलं २ ते ८ अंशात ठेवायचं, वापरातलं पेन बाहेर साधारण चार आठवडे चालतं. विमानात पाण्याला शंभर मिलीची अट असते, औषधाला नाही, पण डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हवं. स्वतःपुरतं तीन महिन्यांचं औषध जर्मनीत नेता येतं.


उचगावची सून
१८ ऑगस्ट

काका, जेवणाआधीचं लाल टोपणाचंच आहे. रात्रीचं पेन. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांकडं जाते.

आजार नवा होता तेव्हा माहेरी आमच्याकडं दिवसदिवस वीज नसायची. आई एका मडक्यात ओली वाळू घालून त्यात दुसरं लहान मडकं ठेवायची, आत माझी बाटली, वर ओलं फडकं. शाळेतून आले की आधी हात घालून गार लागतंय का बघायची. तुमचं वाचून तेच आठवलं.


रामदेव गल्लीची मावशी
२० ऑगस्ट

घाबरू नको गे पोरी, सगळं होतं. मी विमा कार्यालयात एकोणतीस वर्षं काढली, एक गोष्ट सांगते. इथला मेडिक्लेम आहे म्हणालीस ना, तो जर्मनीला गेल्यावर 'आता काय उपयोग' म्हणून बंद करू नकोस. तुझ्या जुन्या आजाराची वाट बघायची मुदत त्यात संपली असेल. बंद केलास आणि चार वर्षांनी परत आलीस तर नव्या पॉलिसीत परत पहिल्यापासून. २०२४ पासून ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केली आहे, आधी चार होती, पण तीन वर्षंसुद्धा थोडी नाहीत. हप्ता वेळेवर भरत राहा. सुट्टीत माहेरी आलीस, अचानक काही झालं, तर तोच कामाला येणार, जर्मनीचा कासे भारतात पैसे देत नाही.


उचगावची सून
१९ सप्टेंबर

काल बंगळूर करून आले. राणी चन्नम्मा रेल्वेनं रात्रभर, सकाळी सहाला उतरून स्टेशनवरच्या विश्रामगृहात आवरलं, दीर सोबत होते. गार ठेवायची पिशवी दारातल्या सुरक्षारक्षकानं उघडायला लावली. डॉक्टरांचं पत्र दाखवलं, आत सोडलं. खिडकीवरच्या मुलीनं कागद एकेक करून लावून घेतले. 'बेलगाम' आणि 'बेळगावी' दोन्हीवर पेन्सिलीनं खूण केली, माझी ती ओळ वाचली आणि पुढं गेली. फी ७५ युरोच्या रुपयांत.

विम्याचं दोन प्रकारे दिलं. मिस्टरांच्या कासेचं पत्र, की पत्नी आल्यावर तिला कुटुंबविम्यात घेऊ. आणि जाण्याच्या दिवसापासून एक महिन्याचा प्रवास विमा. त्या प्रवास विम्याची बारीक अक्षरं वाचली तर त्यात लिहिलंय, आधीच्या आजारासाठी फक्त जिवावरचा प्रसंग आला तर. म्हणजे इन्सुलिन संपलं तर ते देणार नाहीत. मग पहिल्या महिन्यात मी नेमकी कशावर असेन?


लाइपझिगवासी
१९ सप्टेंबर

बरोबर वाचलंत. प्रवास विमा व्हिसाच्या कागदासाठी आणि अपघातासाठी, तुमच्या रोजच्या औषधासाठी नाही. पण कुटुंबविमा तुम्ही इथं राहायला आल्याच्या दिवसापासून लागू होतो. कागद यायला तीन-चार आठवडे लागले तरी तो मागच्या तारखेनंच धरतात. कार्ड पोस्टानं येईपर्यंत कासे एक तात्पुरतं पत्र देते, एर्झाट्सबेशायनिगुंग म्हणा, डॉक्टरला ते चालतं. आल्याच्या दोन आठवड्यांत घराच्या पत्त्याची नोंदणी करायची असते, ती दुसऱ्याच दिवशी करा, कारण कासे तो कागद मागते. आणि मिस्टरांना आत्ताच एक साधा डॉक्टर, हाउसआर्त्स्ट, बघून ठेवायला सांगा जो नवीन पेशंट घेतोय. डायबेटिसच्या तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे जातात. प्रिस्क्रिप्शन साधा डॉक्टरही देतो, पुढं पाठवायची चिठ्ठीही तोच देतो.

अजून एक, ड्रेस्डेन म्हणून सांगतो. पूर्व जर्मनीच्या या भागात साखर आपल्यासारखी मिलीग्रॅममध्ये नाही, मिलीमोलमध्ये मोजतात. तुमची १८० इथं १० दिसेल. १८ नं भागायचं. डॉक्टर 'सात आहे, छान' म्हणाला तर घाबरू नका.


उचगावची सून
२५ जानेवारी

मंडळी, ड्रेस्डेनहून लिहिते आहे. व्हिसा डिसेंबरात आला. वकिलाकडून तपासणी लागली नाही.

सहा तारखेला उतरले. बाहेर उणे सात अंश. सासूबाई म्हणायच्या इन्सुलिन गार ठेव, इथं उलटं, स्वेटरच्या आत पोटाशी धरून आणलं. सात तारखेला पत्त्याची नोंदणी केली, आठला कासेचा फॉर्म. मिस्टर भरत होते, मी शेजारी बसून एकेक रकाना वाचत होते. खरंच नाही. दोन्ही बाजू उलटून बघितलं.

तेरा तारखेला तात्पुरत्या पत्रावर डॉक्टरकडं गेले. वयस्कर बाई आहेत, मोडकं इंग्रजी बोलतात. माझं इंग्रजी पत्र वाचलं, पोटावरच्या सुयांच्या जागा हातानं दाबून बघितल्या. एका जागी गाठ झाली आहे, तिथं परत टोचू नकोस म्हणाल्या. अकरा वर्षांत कोणी पोटाला हात लावून बघितलं नव्हतं. प्रिस्क्रिप्शन छापील कागदावर दिलं, त्यावर चौकोनी कोड. पुढं कार्ड आलं की कार्डावरच येतं म्हणे. दुकानात दोन्ही इन्सुलिनचे मिळून वीस युरोच्या आत भरले. नियम असा आहे की औषधाच्या किमतीच्या दहा टक्के आपण, पण कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो. वर्षभरात हे पैसे घरच्या उत्पन्नाच्या दोन टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, आणि माझ्यासारख्या कायमच्या आजारवाल्यांना एक टक्का. पावत्या जपून ठेवते आहे.

दंडावर लावायचा साखर मोजणारा सेन्सर कासे देते, त्यासाठी तज्ज्ञाची चिठ्ठी लागते, वेळ मार्चमधली मिळाली आहे.

मला इथं काम करायला लगेच परवानगी आहे, व्हिसावर तसं लिहिलंय. पण २०२६ साठी कुटुंबविम्याची कमाईची मर्यादा ५६५ युरो झाली आहे, मिनीजॉबला, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकरीला, वेगळी, ६०३. त्यावरची नोकरी लागली तर माझा स्वतःचा कासेचा हप्ता सुरू होईल. तेही आजार न विचारता. आधी भाषा शिकते, मग बघते.


खानापूरची ताई
२५ जानेवारी

वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या भाच्याला पण टाइप वन आहे, बारा वर्षांचा आहे, त्याचे आईबाबा पुढच्या वर्षी जायचं म्हणतात. ते डॉक्टरांचं पत्र कसं लिहून घेतलंत? त्यात काय काय होतं?


उचगावची सून
२६ जानेवारी

ताई, आधी भाच्याच्या आईबाबांना विचारा की वडील कासेत राहणार आहेत ना. मुलंही त्याच कुटुंबविम्यात येतात.

पत्र दवाखान्याच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, एका पानात. वर पासपोर्टवर आहे तसंच नाव आणि पासपोर्ट नंबर. मग आजाराचं नाव आणि कधीपासून. दोन्ही इन्सुलिनची कंपनीची नावं नाहीत, औषधाची मूळ नावं, कारण तिकडं कंपनीचं नाव वेगळं असतं. प्रत्येकाचं १०० युनिट असल्याचं स्पष्ट. रोज किती, केव्हा. सोबत नेणाऱ्या वस्तूंची मोजून यादी: पेन, काडतुसं, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या. शेवटी एक ओळ की हे औषध विमानात पेशंटच्या हाताशीच राहिलं पाहिजे. खाली सही, शिक्का, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. मी तीन प्रती घेतल्या होत्या. एक पिशवीत, एक पर्समध्ये, एक दिरांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून. भाचा लहान आहे, तर शाळेसाठी चौथी प्रत घ्या आणि त्यात साखर खाली गेली तर काय द्यायचं ते दोन ओळींत लिहून घ्या.